पुढल्या मापाचे कपडे

ठकीच्या वस्तू हरवल्या तरी घरात कुणी फारसं मनावर घेत नसे, कारण त्या परत येत. दुसरीतली ही मुलगी डबा मैदानावर विसरायची, स्वेटर बाकाखाली टाकून यायची, आणि एकदा तर एका पायात बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा अशी थेट घरापर्यंत चालत आली होती. पण तिच्या प्रत्येक वस्तूवर तिचं नाव असे, आणि ते तिच्या आजोबांनी घातलेलं असे.

आजोबांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. ठकी शाळेत जाऊ लागली तेव्हा तिच्या आईने इस्त्रीने चिकटवायच्या छापील पट्ट्या आणल्या, त्या दुसऱ्याच धुण्याला सुटून बादलीत तरंगू लागल्या, आणि आजोबांनी “आता सरका बाजूला” म्हणत कापडाचा रंग स्वतः कालवून सर्वांत बारीक ब्रश हातात घेतला. कॉलरच्या आत, फूटपट्टी न लावता, एका दमात ओढलेली सरळ शिरोरेघ आणि तिच्याखाली नातीचं नाव. सत्तरी उलटली तरी आपला हात कापत नाही याचा त्यांना इतका अभिमान होता की पाहुणे आले की चहा ओतायचं काम ते मुद्दाम स्वतःकडे घेत.

शाळेच्या व्हरांड्यात हरवलेल्या वस्तूंची एक लाकडी पेटी होती. दर शुक्रवारी शाळेतल्या मावशी ती उपसून नावं वाचत आणि ज्याचं त्याला देत. अशाच एका शुक्रवारी ठकी एक स्वेटर घेऊन आली. शाळेचाच, त्याच रंगाचा, पण तिने तो अंगात घातला तर बाह्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होत्या.

“हा आपला नाही,” आई म्हणाली. “उद्या परत दे.”

“पण माझं नाव आहे त्याच्यावर.”

आजोबांनी कॉलर उलटून पाहिली. नाव ठकीचं होतं आणि अक्षर त्यांचं होतं. रंग मात्र निदान वर्षभर धुतल्यासारखा फिका पडला होता, आणि शिरोरेघ मधोमध किंचित हलली होती. सुनेने कॉलर हातात घेऊन नाव पुन्हा वाचलं.

“बाबा, तुम्ही कुणाला लिहून दिलं होतंत का?”

“ठकीचं नाव मी दुसऱ्या कुणाला कशाला लिहून देऊ?”

स्वेटर परत गेला आणि दोन दिवसांनी परत आला. त्या नावाची दुसरी मुलगी शाळेत नाही, असा मावशींनी निरोप धाडला होता, आणि असलं अक्षरही दुसऱ्या कुणाच्या घरी नाही.

त्यानंतर एक रेनकोट आला. मग पाण्याची बाटली, खेळाचे बूट, आणखी एक स्वेटर. बूट आईच्या पायाला जेमतेम दोन बोटं लहान होते. सूनबाई धास्तावली. सासरे कुठून तरी जुने कपडे आणतात, त्यांवर नाव लिहितात, पेटीत नेऊन टाकतात आणि विसरून जातात, अशी तिने मनाशी खूणगाठ बांधली आणि त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला लावले. आजोबांनी ते शेवटपर्यंत केले आणि निघताना, दवाखान्याच्या पाटीवरची दोन अक्षरं एकमेकांच्या अंगावर रेललीत, एवढं सांगून आले.

“मला भीती वाटते, बाबा,” परतीच्या वाटेवर ती म्हणाली. “तुम्हीच करताय, आणि तुम्हाला आठवत नाही.”

“मलाही आधी तेच वाटलं. पण असं मला लिहिताच येत नाही गं. मी करून बघितलं.”

ते खरंच होतं. रोज सकाळी चिंधीवर ठकीचं नाव लिहून ते शिरोरेघ हलवायचा प्रयत्न करत, आणि रोज ते सोंग वाटे. त्यांना या प्रकाराची भीती वाटत नव्हती. कुतूहल मात्र असं वाटत होतं की पेपर उघडायचंही भान राहत नसे. एका दुपारी त्यांनी सगळ्या वस्तू पलंगावर मांडल्या, लहान मापापासून मोठ्या मापापर्यंत, आणि भिंग घेऊन एकेक नाव पाहत गेले. माप वाढत होतं तशी शिरोरेघ जास्त कापत होती. शेवटच्या स्वेटरवर तर एका अक्षराची वेलांटी दोनदा प्रयत्न करून जोडली होती. हे आपण विसरलेलो नाही, हे आपण अजून लिहिलेलंच नाही, हे त्यांना कळलं तेव्हा त्यांना एकदम हसू आलं.

म्हणजे तेव्हाही आपण असणार होतो. हात कापेल, पण ब्रश धरता येईल, आणि घरातलं कुणी तरी स्वेटर पुढ्यात ठेवून “नाव घाला” म्हणेल. त्यांना फार बरं वाटलं. मग ते त्या वस्तूंमधून नातीला वाचू लागले. रेनकोटाची दोरी चावलेली होती, म्हणजे ही खोड इतक्यात जाणार नव्हती. स्वेटरच्या कोपरावर शाई होती. बुटांची डावी टाच झिजली होती, अगदी तिच्या आईसारखी. दर शुक्रवारी ते फाटकाशी जाऊन उभे राहू लागले.

अशाच एका शुक्रवारी शाळेच्या गणवेशाचा ट्यूनिक आला. बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या मापाचा. नाव इतकं कापरं होतं की अक्षर न् अक्षर लावून वाचावं लागलं. “आहे म्हणायचा मी अजून,” असं पुटपुटत आजोबांनी तो सवयीप्रमाणे उलटा केला आणि वाचायला घेतला. काखेत घामाचा डाग नव्हता. खालची दुमड कधी उसवली नव्हती. खिशाचं तोंड शिंप्याने घातलेल्या कच्च्या टाक्यांनी बंदच होतं. नावाचा रंग काळाकुट्ट होता आणि दुकानातल्या घड्या जशाच्या तशा होत्या. त्या ट्यूनिकला एकदाही पाणी लागलं नव्हतं.

नाव घातल्यावर तो कुणी अंगात घातलाच नव्हता. ते पलंगावर बसले.

“पेटीत आणखी काय होतं, ठके?”

“काहीच नाही. मावशी म्हणाल्या, तुझं सगळं आलं आता.”

पुढचे तीन शुक्रवार आजोबा फाटकाशी उभे राहिले. ठकी रिकाम्या हाताने येत होती. तिने वस्तू हरवणं सोडलं, म्हणून सूनबाई खूश होती, आणि तिला काय सांगावं हे आजोबांना सुचत नव्हतं. त्यांना जेवण जाईना. आपण पुढे किती वर्षं असणार याचा इतका आनंद झाला होता, याची त्यांना आता शरम वाटत होती.

चौथ्या शुक्रवारी ठकी शाळेतून आली तशी त्यांनी तिला खोलीत बोलावलं, खिशाचे टाके कात्रीने उसवले आणि ट्यूनिक तिच्या डोक्यावरून घातला.

“मोठा आहे, आजोबा.”

“असू दे. जा, खेळून ये.”

“मळेल ना. आई ओरडेल.”

“मळू दे. मळलाच पाहिजे. आईचं मी बघतो.”

असं सांगणारा मोठा माणूस तिला आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता. ती ट्यूनिक दोन्ही हातांनी उचलून धरत अंगणात पळाली. नळाखाली नेहमीच चिखल असे. खिडकीतून तिच्या उड्या ऐकू येत होत्या, मग धपकन आवाज, मग हसणं. कितीतरी दिवसांनी आजोबांचा जीव थोडा भांड्यात पडला.

सूनबाई हातातलं काम टाकून पुढच्या दारात आली ती बोलायच्या तयारीनेच. ठकी पायरीशी उभी होती. केसांतून चिखल गळत होता, हनुवटी माखली होती, मोजे ओळखू येत नव्हते. आजोबा सुनेच्या मागून पुढे आले आणि खाली वाकले.

मानेपासून गुडघ्यांच्या खालपर्यंत ट्यूनिक कोरडा होता. दुकानातली एकही घडी मोडली नव्हती.

“मी दोनदा पडले, आजोबा. मुद्दाम,” ठकी म्हणाली. “तरी हा मळतच नाही.”