गुळाचं गोणपाट

हौसेराव जाधव गुळाच्या मार्केटातला माथाडी. आधी मशीद बंदरात आणि बाजार हलल्यावर वाशीत, अशी सव्वीस वर्षं त्यानं पाठीवरून ढेपा वाहिल्या. गूळ त्याच्या अंगात इतका मुरला होता, की दुपारी तो घणसोलीतल्या आपल्या खोलीत आडवा झाला की घणसोलीभरच्या मुंग्या त्याला उचलून दारापर्यंत नेत आणि झेपेना म्हणून उंबऱ्यावर ठेवून जात. ज्याला खोटं वाटेल त्यानं मुंग्यांना विचारावं.

शहाण्णव सालच्या जानेवारीत, एका रविवारी मार्केटातल्या मंडळींनी टेम्पो करून कर्नाळ्याच्या अभयारण्यात सहल काढली. तरणी माणसं किल्ल्याकडं पळाली. हौसेराव आणि त्याची रंगूबाई मागं पडली. खरं तर हौसेरावला यायचंच नव्हतं. गेल्या दिवाळीत गावाकडं रंगूबाईला एकच मधमाशी चावली, तर गळा आतून सुजून श्वास अडकला होता. डॉक्टर म्हणाले, पुन्हा चावली तर दवाखान्यापर्यंत नेणंही व्हायचं नाही. पण रंगूबाईनं हट्टच धरला. "सव्वीस वर्षं पोती बघितली, एक दिवस झाडं बघू द्या की!"

भर दुपारी अंधारून यावं असली झाडी. रंगूबाई एका खोडाला टेकली, वर बघत हसली, आणि हसता हसता थांबली.

"अवो... माशी."

एक नव्हती. पाच होत्या, मग पन्नास. हौसेरावनं बसायला म्हणून ढेपा वाहताना पाठीवर घ्यायचं गोणपाट बरोबर आणलं होतं. मार्केटात वरून काही पडायला लागलं की त्याच्याखाली शिरायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं ते झटक्यात रंगूबाईवर डोक्यापासून पायापर्यंत पांघरलं.

"हलू नगंस. श्वास सुदिक हळू घे."

माश्या पांगायच्या सोडून दाटल्या. बघता बघता गोणपाटावर माश्यांचं दुसरं गोणपाट चढलं. आतून बारीक आवाज आला, "अवो, ह्याला गुळाचा वास येतोय."

हौसेरावला उमगलं. बायकोला त्यानं आपल्या हातानं गुळात घातलं होतं! त्यानं गोणपाट अलगद उचललं, स्वतःभोवती गुंडाळलं आणि झाडीत चढावर धाव घेतली. माश्यांचा ढग त्याच्यामागं वळला. काटे लागले, वेली पायात आल्या. मानेवर, कानावर, पापणीवर निखारे पडत गेले. दीडदोनशे पावलांवर एका धोंडीआड तो कोसळला.

"रंगूऽ! चावली का ग?"

"न्हाय! तुमी कुटं हाय? आले, आले मी!"

"यिऊ नगं! खाली टेम्पोकडं जा!"

"तुमाला सोडून? खुळं झालाय का? आलेच!"

वाळकी पानं वाजू लागली. जवळ, आणखी जवळ. ऐकण्यातली बाई नव्हे ती, हे हौसेरावला लग्नाच्या दिवसापासून माहीत. पळावं, तर पाय उचलेनात. मग त्यानं कधी न केलेलं काम केलं.

"तुझं तोंड बघायचं न्हाय मला! मी तुझ्या थोरल्या भनीला, बायजाला बघायला आलो हुतो! तुझ्या बापानं तुला गळ्यात मारली!"

पानं थांबली.

"काय म्हनला?"

"बायजाच बरी हुती! गोरी हुती!"

 मग रंगूबाईचा आवाज फुटला. "बायजाक्का मरून पाच वर्सं झाली! जावा मग तिच्याकडंच!"

'त्याच वाटंला लागलोय,' हौसेराव मनात म्हणाला. डोळे मिटले होते, ओठ भाकरीएवढे फुगले होते. पानं खालच्या बाजूला वाजत गेली. रंगूबाई बडबडत, नाक ओढत उतरत होती. तिचा प्रत्येक शब्द म्हणजे तिचा एक श्वास. तो मोजत पडून राहिला.

मधेच पानं थांबली.

"अवो?" लांबून हाक आली. रागातली नव्हती.

जीभ वळेना. तरी हौसेरावनं छातीत उरला होता तेवढा वारा गोळा केला.

"आनि तुझं कालवन... आळनी असतंय!"

पानं पुन्हा वाजली. या वेळी जोरात, टेम्पोच्या दिशेला.