पुदिना नको
"नाकाला धरा, नाहीतर वर उभं राहवणार नाही," म्हणत सहलीचा माणूस चंदन पुदिन्याच्या काड्या वाटत सुटला. रत्नाबाईंनी हात पुढे केला नाही.

मोरोक्कोतल्या फेझ शहराच्या जुन्या वस्तीत सकाळपासून गल्लीबोळ पालथे घालून जळगावची मंडळी एका चामड्याच्या दुकानाच्या गच्चीवर चढली होती. खाली दगडी हौदच हौद, काही चुन्याचे, काही रंगाचे. त्यांत मांडीभर उतरून माणसं कातडी तुडवत होती. कॉलनीतल्या चुडामणभाऊंनी नाकाशी रुमालही धरला, पुदिनाही धरला आणि उरलेल्या हाताने फोटो काढायला सुरुवात केली. नाक मुरडायचं, पण फोटो मात्र हवा!

भडगावला नदीकाठी रत्नाबाईंचा बाप हेच करायचा. कातडं चुन्यात भिजवायचं, बाभळीच्या सालीत मुरवून कमावायचं. त्या नर्स झाल्या, जळगावात घर बांधलं, तेव्हा मुलीने बजावलं होतं, इथे हे कोणाला सांगायचं नाही. इतकी वर्षं त्यांनी ते निमूट पाळलं होतं.

"आई, घे ना पुदिना," मयुरी दबक्या आवाजात म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू दे."

चुडामणभाऊंच्या बायकोने, दीपमालाबाईंनी, रुमालाआडून विचारलं, "रत्नाताई, तुम्हाला वास नाही का हो येत? कशी राहत असतील ही माणसं!"

मयुरीने आईचा हात दाबला. रत्नाबाईंनी तो सोडवून घेतला. कामावर, कॉलनीत कधी न निघालेली माहेरची बोली तोंडातून आपसूक बाहेर आली.

"येस ना ताई. वळखीना वास शे. मना बाप भडगावले हाईच काम करे. त्याच कामवर मनं शिक्षण व्हयनं."

चुडामणभाऊंचा फोन खाली आला. "हो का," म्हणत दीपमालाबाई हळूच बाजूला सरकल्या, त्यांच्यामागून नवरा सरकला. रत्नाबाईंना संताप आला, आणि त्या संतापात इतकं मोकळं वाटलं की हसू फुटलं. कठड्यापाशी आता ऐसपैस जागा झाली होती.

"मयुरी, आठे ये," त्या खालच्या सगळ्या हौदांकडे हात करत मोठ्याने म्हणाल्या. "आठे बठ्ठं नीट दिसस."

मयुरी जागची हलली नाही. रत्नाबाईंनी दोन्ही कोपरं कठड्यावर टेकवली. बापाला काम करताना लाजेपायी त्यांनी कधी धड पाहिलं नव्हतं. आता त्या निवांत पाहत राहिल्या.