‘जगा’ म्हणणारा निरोप

दादाच्या रक्तात पांढऱ्या पेशींनी उच्छाद मांडला होता. धाकटी बहीण प्रयोगशाळेत त्याच पेशींवर काम करायची, म्हणून त्यानं नव्या गोळ्यांचं पाकीट तिच्यापुढे सरकवलं. “एवढी शिकलीस, सांग बघू. ही गोळी त्यांना मारते कशी?”

“मारत नाही रे. शेजारच्या पेशींकडून येणारा ‘जगा’ हा निरोप पेशीच्या आत पोचवणारं एक एन्झाइम असतं, गोळी तेवढंच अडवते. निरोप थांबला की त्या आपोआप मरतात. काचेच्या बशीत एकट्या ठेवल्या तरी चार दिवसांत संपतात. शेजार लागतो त्यांना.”

दादा आता घरात एकटाच राहायचा. वहिनीला जाऊन वर्ष होत आलं होतं. बहिणीचा फोन यायचा तो फक्त रिपोर्टच्या दिवशी.

त्यानं गोळी घेतली, पेला विसळून उपडा घातला.

“मग रिपोर्ट नसेल तेव्हाही फोन करत जा,” तो म्हणाला.