पलीकडच्या काठाची सायकल

"मागं घ्या मावशी, हँडल अडकलंय. आता जरा तिरकी करा. आवं, तिकडं न्हवं!"

नानासो सांगेल तसं मनुबाई करत होत्या. लोखंडी नळ्यांच्या पहिल्या वळणातून पुढचं चाक आत गेलं आणि दुसऱ्या वळणाशी दांडीची उंच सायकल अडून बसली. पुढं होईना, मागं येईना.

"गाभण म्हशीवानी अडली की रं," मनुबाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

माधवनगरच्या अलीकडच्या वस्तीतून सांगलीकडं जाणारी ही ओढ्याकाठची वाट. मनुबाई रोज सकाळी हिच्यावरूनच मुलींच्या वसतिगृहात भाकरी थापायला जात. आधी नुसती मातीची होती, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चाकांनी पाडलेली. मग तिला हरितपट्टा म्हणू लागले. फरशी आली, करंजाची रोपं आली, बाक आले. त्यांच्यामागून फटफट्याही आल्या. एका फटफटीनं फिरायला आलेल्या आजोबांचा पाय मोडला, तेव्हा दोन्ही टोकांना या नागमोडी नळ्या बसल्या आणि राखणीला नानासो आला. माणूस आत जाई, फटफटी बाहेर राही. सायकल कुणाच्या ध्यानातच आली नव्हती.

"उचलून देऊ का पलीकडं?"

"हितं तू उचलशील. त्या टोकाला कोन? आन सांजच्याला?"

नानासोनं टोपी मागं सारून डोकं खाजवलं. त्याची ड्युटी दुपारीच संपायची.

मग त्या मोठ्या रस्त्यानं जाऊ लागल्या. उसाचे दिवस. एका सकाळी दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर गाणी लावून आला. पहिली ट्रॉली गेली. दुसरीच्या बाहेर लोंबणाऱ्या उसानं पदर धरला, ओढला, सोडला. मनुबाई सायकलसकट चरीत उतरल्या आणि गाणी ऐकू यायची थांबेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या. घरी काही बोलल्या नाहीत. फाटका पदर बोलला.

"आजी, बास आता," नात म्हणाली. साक्षी कॉलेजला होती, स्कूटी आल्यापासून तिची लेडीज सायकल पडवीत धूळ खात होती. "मी सोडत जाईन."

"तुजं कालेज उनं वर आल्यावर. भाकरी काय तवर थांबत्यात?"

"मग सोड की काम. कोण मागं लागलंय तुझ्या?"

मनुबाई फाटका पदर टाचू लागल्या. भाकरी काय, घरीही थापता आल्या असत्या. पण ही सायकल त्यांच्या मालकांची, फौजेतल्या हवालदार आप्पासोंची. तरणेपणी ते रजेवर आले की तिन्हीसांजेला बायकोला माळावर न्यायचे, मागून कॅरिअर धरून पळायचे. गाव हसायचं. एकदा मनुबाईंनी मागं वळून पाहिलं, तर मालक लांब उभे, हात कमरेवर. तेव्हापासून त्या एकट्याच चालवत होत्या. ते गेल्यावरही. दिवसभरात मनुबाईंचं स्वतःचं म्हणावं असं काही असेल, तर ही ओढ्याकाठची वाट. जात्यावरच्या ओव्या जात्याबरोबर गेल्या होत्या. मनुबाईंच्या ओव्या पायडलवर आल्या.

लोखंडाची माजी घोडी, न्हाई दाना न्हाई चारा
कंत उभा सरहद्दीला, माज्या पाठीवर वारा

आईतवारी त्या मोकळ्या हातानं नळ्यांपाशी गेल्या आणि बाकावर बसून बघत राहिल्या. कुत्रं आरपार गेलं. शेळी वाकडी होऊन गेली. एक जाडसर साहेब पोट आत ओढून आडवे होऊन गेले. हे साहेब मोटारीनं चालायला येतात, याची त्यांना मोठी गंमत वाटली.

"काय बघताय?" नानासोनं विचारलं.

"नानासो, आमचे हे जम्मूला कसं जायचे, ठावं हाय? मिरजंत बसायचे. पर एकच गाडी काय जम्मूपत्तूर न्हेती व्हय? मधी उतरून बदलावी लागती."

"मग?"

"मग मीबी बदलती की!"

नानासोला क्षणभर उमजेना. उमजलं तसा तो मोठ्यानं हसला. "दोन सायकली? अलीकडं येक, पलीकडं येक?"

"आन मधी चालायचं. साहेबावानी."

पुढच्या आईतवारी, रस्ता रिकामा असताना, त्यांनी उंच सायकल शेवटची मोठ्या रस्त्यानं नेली. मागून साक्षी स्कूटीचा दिवा लुकलुकवत सावकाश येत होती. पलीकडच्या टोकाला, नळ्यांच्या बाहेर, एक जुना लिंब होता. मनुबाईंनी साखळीनं सायकल त्याला बांधली. वर मालकांचा मिल्ट्रीचा रेनकोट घातला, गळ्याशी बटण लावलं.

"चोरीला गेली म्हंजे?" चौकशीला पलीकडपर्यंत आलेला नानासो म्हणाला.

"टांग लय उंच टाकावी लागती. चोर पडंल."

साक्षी हसली. मनुबाई स्कूटीवर बसल्या आणि वळण येईपर्यंत मागं बघत राहिल्या.

आता रोज तसंच चालतं. सकाळी नळ्यांपर्यंत नातीची बुटकी सायकल. मग फरशीवरून पायी. करंजं आता खांद्याला लागलीत. चालताना मात्र ओवी जमत नाही, तिची चाल चाकाची आहे. पलीकडं रेनकोट काढला, टांग टाकली, की ती आपसूक येते. सांजेला सायकल पुन्हा लिंबाला. बटण लावताना मनुबाईंना रोज नवल वाटतं: रातभर ही हितं काय ऐकत असंल? ओढ्याचं बेडूक? का लांबची रेल्वे?

घरी येऊन त्या बुटकी सायकल पडवीच्या भिंतीला टेकवतात. उंच सायकलच्या मुठीनं घासून घासून त्या भिंतीवर एक काळी, गुळगुळीत रेघ पडली आहे. दिवाळीला चुना देताना त्यांनी तेवढी सोडायला सांगितली.

बुटक्या सायकलची मूठ त्या रेघेच्या वीतभर खाली टेकते.