मठाची किल्ली आणि चार कप चहा

मुल्विहिलांच्या घरात चार पिढ्या एकच मान चालत आला होता, पडक्या मठाची किल्ली सांभाळण्याचा. लोखंडी, वीतभर लांब किल्ली. मठाच्या फाटकावर पाटी होती, 'किल्ली समोरच्या पिवळ्या दाराच्या घरी मिळेल.' मिळायची, पण दोन कप चहा झाल्यावर. आल्याआल्या किल्ली मागणारा माणूस, आता किल्ली सांभाळणाऱ्या अटरॅक्टाबाईंच्या मनातून कायमचा उतरायचा.

खरं सांगायचं तर मठाची मागची भिंत वीस वर्षांपूर्वी वादळात पडली होती. त्या खिंडारातून कुणीही आत गेलं असतं. पण गावातलं माणूस तिथून कधी गेलं नाही. सगळे पिवळ्या दाराशी येत, चहा पीत, मुकाट्याने किल्ली घेत. खिंडाराचा विषय कुणी काढत नसे.

आणि आता पुरातन वास्तूंच्या खात्यातून पत्र आलं होतं. फाटकाला आकडे दाबून उघडणारं कुलूप बसवायचा विचार आहे. किल्ली सांभाळणाऱ्याची गरज आहे का, हे बघायला गुरुवारी आमचे डन्फीसाहेब येतील. बाईंनी गुरुवारी सकाळी त्या पत्राच्या रागात कणीक इतकी तिंबली, की पाव विटेसारखा निघाला. मनुकांचा चांगला केक कपाटात होता, पण तो आपल्या माणसांसाठी.

दहा वाजता त्यांनी किल्लीच्या खिळ्याकडे पाहिलं. किल्ली नव्हती.

"फर्गल," त्यांनी भावाला हाक मारली, "कालचे ते बोटवाले जर्मन किल्ली घेऊनच गेले रे."

"कालव्यानेच गेलेत ना? मग घाबरतेस काय ताई. त्या बोटींना बदकं मागे टाकतात." फर्गलने सायकल काढली आणि तो काठाकाठाने निघाला.

साडेदहाला डन्फीसाहेब आले, तरुण आणि कोरडे ठणठणीत. बाहेर पाऊस होता, पण हातात भलीमोठी छत्री होती.

"बाई, किल्ली देता का?"

"आधी चहा घ्या."

तीन कप झाले. साहेबांनी पावाचा एक तुकडा बराच वेळ चावला.

"आता किल्ली?"

"अहो, तोंडात घास आहे अजून तुमच्या."

चौथ्या कपानंतर साहेब उठले. "मी जरा पाय मोकळे करतो," म्हणाले, आणि छत्री टेबलाशी विसरून गेले. बाई खिडकीतून बघत राहिल्या. ते मठाच्या भिंतीच्या कडेने गेले, मागच्या बाजूला वळले, दिसेनासे झाले. चार पिढ्यांची अब्रू त्या खिंडारातून आत गेली.

दहा मिनिटांनी हाका ऐकू आल्या. बाई छत्री घेऊन गेल्या. साहेब फाटकाच्या गजांमागे उभे होते, चिंब.

"बाई, तिकडे गाढव आहे."

"त्याचं नाव बिशप. शेजाऱ्यांचं आहे."

"मी आलो त्याच वाटेत उभं आहे. माझ्याकडे पाठ करून. हटत नाही."

"ते हटत नाहीच."

"लाथ मारतं का?"

"खात्यातलं कुणी अजून आलं नव्हतं, त्यामुळे सांगता येत नाही."

साहेबांनी फाटकाच्या गजांची वरची भाल्यासारखी टोकं पाहिली, मग एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकला. "बाई, मला चार कप चहा पाजलाय तुम्ही."

हे मात्र बाईंच्या काळजाला लागलं. पाहुण्याची अशी अडचण त्यांच्या दारात कधी झाली नव्हती. त्यांनी गजांतून छत्री आत दिली आणि रस्त्याकडे डोळे लावले. अखेर फर्गल आला, दात काढत. गळ्यात सुतळीला किल्ली, खिशात जर्मनांनी माफी म्हणून दिलेलं सॉसेज.

कुलूप कुरकुरलं. साहेब वाऱ्यासारखे पिवळ्या दारात घुसले. बाहेर आले ते वेगळेच, शांत, चेहऱ्यावर संतांसारखं समाधान. वही काढून त्यांनी लिहिलं, मोठ्याने वाचत, "किल्ली सांभाळणारी व्यक्ती अत्यंत आवश्यक. घर अगदी जवळ असावे."

"आणि ते मागचं…" बाईंनी चाचरत विचारलं.

"मागे काय आहे?" साहेबांनी वही मिटली. "मी फाटकानेच बाहेर आलो. तुम्ही दोघे साक्षीदार."

बाईंनी किल्ली खिळ्याला अडकवली, विटेसारखा पाव टेबलावरून उचलला आणि कपाटातून मनुकांचा केक काढला.

"चहा मात्र नको," साहेब घाईने म्हणाले.