पाठ कोण बघणार?

स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही, ही देवाची घोडचूक आहे. एवढं मोठं मैदान दिलंय आणि त्यावर लक्ष ठेवायला एक डोळा नाही. माझी बायको रतन होती तोवर मला याचा पत्ताच नव्हता.

आम्ही मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी राहतो. म्हणजे आता मी एकटाच राहतो, पण जीभ अजून 'आम्ही'च म्हणते. सोसायटीच्या मागच्या फाटकातून बाहेर पडलं की जंगलाची पायवाट लागते. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं तिथे फिरायला जायचो. पावसाळा संपला की त्या वाटेवर कमरेएवढं गवत माजतं, तबेल्याच्या म्हशी त्यात चरतात, आणि गवताच्या पात्यांवर गोचीड टपून बसतात. आलं कोणी की चढले अंगावर.

रतनचे नियम कडक होते. फिकट पँट घालायची, म्हणजे काळं काही चढलं तर दिसतं. पँटचे पाय मोज्यात खोचायचे. मी म्हणायचो, "अगं, मी काय बँडवाला आहे का?" ती ढिम्म. घरी आलो की कपडे गरम पाण्यात, आणि मी गॅलरीत स्टुलावर, उघडाबंब. मग ती चष्मा लावून कानामागे, काखेत, सगळ्या पाठीवर बोटांनी चाचपून बघायची. "हलू नकात, गप रवा," म्हणायची. उभा संसार मुंबईत केला, पण तिची मालवणी काही सुटली नाही. पाठीच्या मधोमध आली की तिचं बोट थांबायचं, जरासं दाबायचं, आणि ती स्वतःशीच पुटपुटायची, "ह्यां आपला. रवांदे." म्हणजे हे आपलं आहे, राहू दे. काय आपलं, ते मी कधी विचारलं नाही. माझं सगळं लक्ष चहाकडे असायचं.

रतन गेली आणि मी फिरणं सोडलं. बिल्डिंगमध्ये कोणाकडे जाणंही सोडलं. जो भेटेल तो मान तिरकी करून विचारणार, "कसे आहात?" कसा असणार? जिवंत आहे, दिसतोय ना!

पण परवाच्या रविवारी घर अगदी खायला उठलं. तेव्हा निघालो एकटाच. पँट मोज्यात खोचली नाही. खोचा म्हणणारी नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिचा रागच आला होता. नियम शिकवून ठेवायचे आणि आपण निघून जायचं, ही काय रीत झाली?

घरी येऊन बघतो तर पोटरीवर एक गोचीड रुतून बसलेला. तो मी नीट काढला. तेल ओतायचं नाही, उदबत्तीचा चटका द्यायचा नाही, चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढायचं. सगळं तिनेच शिकवलेलं. जागा साबणाने धुतली आणि स्वतःवर जाम खूश झालो.

मग पाठीला खाज सुटली.

हात वरून नेला, पोहोचेना. खालून नेला, तरी पोहोचेना. शेवटी खांदा निखळेल इतका ताणल्यावर मधलं बोट कशावर तरी टेकलं. बारीक, टणक, घट्ट चिकटलेलं. मागे बी विंगमधल्या एकाला गोचीड चावून असा ताप भरला होता की थेट हॉस्पिटलात. मला काही झालं तर दार कोण उघडणार? मी सगळे नियम विसरलो. कंगव्याच्या दांड्याने खरवडलं. उलथन्याला खोबरेल लावून ते पाठीवर फिरवलं. दाराच्या चौकटीला म्हशीसारखी पाठ घासली. बनियनला रक्त लागलं, पण ते बेटं जागचं हललं नाही.

मुलगी बेंगळुरूला असते, रुचिरा. तिला व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, मला नुसतं कपाट दिसतंय."

"आता?"

"आता पंखा. बाबा, फोन खाली घ्या ना. थांबा, थांबा! दिसलं. काळं आहे, बरोबर मधोमध. चिकटलंय हो! डॉक्टरकडे जा ना."

"रविवार आहे. बंद असतो तो."

"मग शेजारी कोणाला तरी दाखवा. प्लीज, बाबा." तिचा आवाज रडवेला झाला, म्हणून मी हो म्हणून फोन ठेवला.

दाखवा म्हणे! शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागता येते, शिडी मागता येते. 'जरा माझी पाठ बघा' हे कसं मागायचं? मी तसाच बसून राहिलो. पाठीला ठणका लागला तेव्हा खांद्यावर टॉवेल टाकला, चिमटा घेतला आणि तळमजल्यावर भाऊरावांची बेल वाजवली.

भाऊराव आणि सुंदराबाई मूळचे परभणीकडचे. आमच्याच वयाचे, बिल्डिंग झाली तेव्हापासूनचे. दार सुंदरावहिनींनी उघडलं. "अगंबाई, भाऊजी! वाट चुकलात का काय? आणि असे उघडे?"

"पाठ," एवढंच म्हणालो आणि टॉवेल काढून पाठ त्यांच्याकडे केली.

"गोचीड दिसतोय," आतून येत भाऊराव म्हणाले. "बसा खाली. अगं, बॅटरी आण. लहानपणी बैलांचे ढिगाने काढलेत मी."

"मी बैल नाही, भाऊराव."

"बैल शहाणा असतो. हलत नाही. हलू नका, परब!"

त्यांनी एक हात माझ्या खांद्यावर ठेवला. खरबरीत, गरम हात. रतन गेल्यापासून न्हावी सोडला तर माझ्या अंगाला कोणाचा हात लागला नव्हता. मी अजिबात हललो नाही.

"हे काय करून ठेवलंत? नुसतं ओरबाडलंय."

"आधी काढा हो ते."

"काय काढू? ही चामखीळ आहे."

"मला चामखीळ नाहीये," मी चिडून म्हणालो.

"नाहीये काय? मुगाएवढी आहे की. चांगली जुनी आहे."

सुंदरावहिनी बॅटरी धरून वाकल्या. "फार वर्षांची दिसते, भाऊजी. तुम्हाला माहीत नव्हतं?"

भाऊराव चाचपत खाली कमरेपर्यंत गेले. "हा बघा तुमचा खरा पाहुणा! पट्ट्याखाली लपलाय." त्यांनी चिमटा लावला, सरळ ओढला आणि तो चिकटपट्टीवर चिकटवून मला दाखवला. तिळाएवढा होता.

"आता थोडे दिवस लक्ष ठेवा. ताप आला, पुरळ उठलं, तर डॉक्टरला आधी गोचिडाचं सांगायचं. ऐकताय ना, परब?"

मी ऐकत नव्हतो. मला वेगळंच ऐकू येत होतं. ह्यां आपला. रवांदे. दर रविवारी तिचं बोट तिथे थांबायचं, आणि मी मूर्ख, चहाची वाट बघत बसायचो. माझ्या अंगावरची एवढी गोष्ट, मला माहीत नव्हती, तिला पाठ होती. मी त्या खुर्चीवर बसून ओक्साबोक्शी रडलो.

"फार दुखतंय का?" वहिनींनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

त्यांनी हळद लावली, चहा पाजला. "पुढच्या रविवारी फिरून आलात की इकडेच या," भाऊराव म्हणाले. येतो म्हणालो आणि निघालो.

जिना भराभर चढलो. कधी एकदा वर जातो असं झालं होतं. कुलूप काढलं, दार ढकललं आणि चपला काढता काढता म्हणालोसुद्धा, "रतन, ऐकलंस का? माझ्या पाठीवर चामखीळ आहे!"

गॅलरीतलं स्टूल रिकामं होतं. आणि ती असती तरी काय, तिला ते माहीतच होतं.