खाऱ्या पाण्याला शेक

खांबेटे सर मुंबईच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि लोणावळ्याला राहायला आले, ते समुद्र बरोबर घेऊनच. हवापालटाला येणारे लोक ट्रंका आणतात, होल्डॉल आणतात. या गृहस्थांनी मोठमोठ्या बरण्यांतून खारं पाणी रेल्वेनं आणवलं आणि दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत ओतलं. त्यात पाण्यात हवा सोडणारा पंप, एक समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा उमलणारा समुद्रातला जीव, आणि पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे. शेजारच्या कुसगावची माणसं कौतुकानं बघायला येत आणि हे मासे खायचे नाहीत असं कळलं की त्यांचा उत्साह मावळे.

बंगल्याचं सगळं चिमाबाई बघायची. ती मूळची कुरवंड्याची. नवरा शिदू घाटात रेल्वेच्या गँगवर. ती आणि तिची म्हातारी सासू आक्काबाई बंगल्याच्या मागच्या खोलीत राहत. मूलबाळ नव्हतं. म्हणजे झालं होतं, हिरी. ऐन पावसाळ्यात जन्मली आणि बाळंतिणीच्या खोलीतच गेली. गारठा छातीत भरला, असं सगळ्यांनी सांगितलं. तेव्हापासून चिमाबाईनं गारठ्याशी उभा दावा मांडला होता.

त्या वर्षी श्रावणात सरांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुंबईला जावं लागलं. जाण्याआधी त्यांनी तिला सगळं शिकवलं. टाकीतलं पाणी उडून कमी झालं की साधं पाणी घालायचं, कारण मीठ मागेच राहतं. रोज नळीत थोडं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. निळं दिसलं तर ठीक. हिरवं पडलं तर पाणी आंबायला लागलं, मग चिमूटभर खायचा सोडा. चिमाबाईला यात अवघड काही वाटलं नाही. आंबणं तिला कळत होतं.

"काळजी करू नगा सायेब," ती म्हणाली. "लेकरावानी बघंन."

सर गेले आणि पाऊस असा लागला की घरातल्या भिंती पाझरायला लागल्या. चिमाबाईनं टाकीला हात लावून पाहिला. काच गार. तिनं खिडक्या लावून घेतल्या, फटींत गोणपाट कोंबलं आणि कोळशाची शेगडी फुलवून टाकीशेजारी आणून ठेवली. कुरवंड्यात हिरीच्या बाजेशेजारी ठेवली होती, अगदी तशीच.

नळीतलं पाणी हिरवं आलं. तिनं सोडा घातला. जरा निळं झालं आणि पुन्हा हिरवं पडलं. समुद्रफूल आखडून मुठीएवढं झालं. मासे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. हे तिनं पूर्वी पाहिलं होतं; हिरीही शेवटी असंच करत होती. म्हणजे गारठाच, यात तिला शंका राहिली नाही. तिनं शेगडीत आणखी कोळसे घातले. तिचं स्वतःचं डोकं ठणकत होतं, पोटात मळमळत होतं. तोही दोष तिनं गारठ्यालाच दिला.

धाकटा मासा मेला तेव्हा ती भिजत पोस्टात गेली. घाटात तारा तुटल्या होत्या, मुंबईचा फोन लागत नव्हता. मासा मेल्याचं कळवायला ट्रंककॉल हवाय हे ऐकून पोस्टातल्या बाबूनं मान वर केली, पण तिचा चेहरा पाहून तो हसला नाही. परत येऊन ती टाकीसमोर बसली. आणखी सोडा घालायला हात धजेना आणि नुसतं बघतही राहवेना. उरलेल्या माशाचा जीव डोळ्यांदेखत चालला होता आणि तिच्या हातात करण्यासारखं एकच होतं. शेगडी विझू न देणं, ते ती करत होती.

सर आले ते एका डोळ्यावर पट्टी बांधून. दिवाणखान्याचं दार उघडताच त्यांना ठसका लागला. टाकीकडे पाहण्याआधीच त्यांनी गोणपाट ओढून काढलं, खिडक्या सताड उघडल्या आणि शेगडी बाहेर ठेवायला लावली. ओरडले मात्र नाहीत. खुर्चीत बसून त्यांनी तिला समजावलं, की कोंडलेल्या खोलीत कोळसा जळला की हवा विषारी होते. पंप तीच हवा पाण्यात सोडतो, पाणी आंबतं आणि आतला जीव गुदमरतो. एवढ्याशा गारव्यात मासे सहज तगले असते.

संध्याकाळपर्यंत मासा खाली उतरून सावकाश फिरू लागला. सरांनी तिला नळी धरायला सांगितली आणि थेंब टाकले. पाणी निळं आलं.

"बघा," सर खूश होऊन म्हणाले, "नुसती खिडकी उघडायची होती."

चिमाबाईच्या हातातली नळी हातातच राहिली.

"सायेब, मानसाच्या लेकराचंबी आसंच व्हतं?"

"माणसाचं तर लवकर होतं. त्यातून तान्हं मूल..." सरांनी तिच्याकडे पाहिलं.

"त्येबी तोंड उघडमीट करतं?"

सरांनी तिच्या हातातली नळी हलकेच काढून घेतली.

ती मागच्या खोलीत आली. आक्काबाई गोधडीत मुटकुळं करून पडली होती. हिरीच्या वेळी याच म्हातारीनं शेगडी विझू दिली नव्हती. हातानं निखारे सारून बोटं भाजून घेतली होती. आणि आणखी घाला, आणखी घाला, असं बाजेवरून सांगत होती ती चिमाबाई.

"चिमे, शेगडी आन गं. लय गारठा हाय."

सगळं चिमाबाईच्या ओठांवर आलं. मग तिला म्हातारीच्या बोटांवरचे डाग दिसले आणि तिनं ते गिळलं. शेगडी आणून तिनं सासूच्या पायाशी ठेवली आणि खिडकी उघडली.

"आगं, वारं येतंय. लाव ती."

"ऱ्हाऊ द्या, आत्याबाई," चिमाबाई म्हणाली, आणि खिडकीचं दार घट्ट धरून तिथंच उभी राहिली.